चिखलातले पाऊल आणि उशिरा पोहोचणाऱ्या पेशी

मध्य रेल्वेवरील नेरळ आणि कर्जत या दोन स्थानकांच्या मध्ये भिवपुरी रोड हे स्थानक आहे आणि त्याच परिसराचे नाव मिळालेले जलविद्युत केंद्र सह्याद्रीच्या पायथ्याशी १९२२ पासून चालू आहे. घाटमाथ्यावरील ठोकरवाडी धरणाचे पाणी या केंद्रात वीज निर्माण करून बाहेर पडते, पुढे राजनाला कालव्याने कर्जत तालुक्याच्या शिवारात पोहोचते, आणि त्यामुळे कालव्याच्या लाभक्षेत्रातील गावांत पावसाळी भाताच्या जोडीने उन्हाळी भातही घेता येतो. शेतीच्या दृष्टीने हे मोठे वरदान आहे. आरोग्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, येथील अनेक शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे पाय वर्षातून दोन वेळा, चिखलणीपासून लावणी संपेपर्यंत, तासन्‌तास अनवाणी पाण्यात असतात. खाचरात निरोगी माणसाच्या पायात मोडलेला काटा चार-आठ दिवसांत विसरला जातो. ज्याच्या रक्तातील साखर महिनोन्‌महिने वाढलेली आहे, त्याच्या बाबतीत मात्र तेवढाच काटा पायाचे बोट, कधी पाऊल आणि कधी प्राणही घेऊन जातो.

असे का होते, याचे उत्तर सामान्यतः ‘मधुमेहात प्रतिकारशक्ती कमी होते’ या एका वाक्यात दिले जाते. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे, आणि ते अपुरे असल्यामुळेच प्रतिकारशक्ती ‘वाढवणारी’ चूर्णे, काढे आणि टॉनिके यांवर गरीब घरातलाही पैसा खर्च होत राहतो. साखर आटोक्यात नसलेल्या व्यक्तीचे रक्त तपासले, तर रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या बहुधा पुरेशी, पुष्कळदा नेहमीपेक्षा थोडी जास्तच आढळते. बिघाड असतो तो त्यांच्या कामात आणि वेळेत: या पेशी जखमेपाशी उशिरा पोहोचतात, पोहोचल्यावर अर्धेमुर्धे काम करतात आणि काम संपण्याची वेळ झाली तरी माघारी फिरत नाहीत. या तीन गोष्टी नीट समजल्या, तर मधुमेही व्यक्तीने आणि तिच्या घरच्यांनी काय करावे व काय टाळावे, याचा बराचसा उलगडा होतो.

काट्याभोवती जमणाऱ्या पेशी

शरीराच्या या रक्षकांची ओळखच मुळात एका काट्यामुळे झाली. इल्या मेचनिकोफ या प्राणिशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये सिसिली बेटावरील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला, आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला दिसला. बाहेरून आलेल्या वस्तूला घेरून गिळणाऱ्या या पेशींना भक्षकपेशी म्हटले जाऊ लागले आणि या शोधासाठी मेचनिकोफ यांना १९०८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. ओडेसा येथील त्यांचे शिष्य वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची साथ असताना लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि परळची हाफकिन संस्था आजही त्यांचे नाव सांगते. भक्षकपेशींचे शास्त्र आणि महाराष्ट्राचे सार्वजनिक आरोग्य यांचे नाते असे जुने आहे.

निरोगी माणसाच्या पायात काटा मोडतो तेव्हा घडणारा क्रम ठरलेला असतो. त्वचेखालील पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात. ते मिळताच रक्तातील न्यूट्रोफिल या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, भिंतीतून वाट काढून बाहेर पडतात आणि त्या संदेशांचा माग घेत काही मिनिटांत ते काही तासांत जखमेपाशी पोहोचतात. न्यूट्रोफिल ही पांढऱ्या पेशींतील सर्वांत मोठ्या संख्येने असणारी जात असून, हाडांच्या पोकळीतील मऊ गाभ्यात, म्हणजे अस्थिमज्जेत, दररोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात. त्या जंतूंना गिळतात, तीव्र ऑक्सिडीकारक रसायनांनी मारतात आणि स्वतःही मरतात. जखमेत दिसणारा पू हा बराचसा त्यांच्याच मृतदेहांचा असतो. त्यांच्या पाठोपाठ येणाऱ्या मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षक पेशी, हा मलबा उचलतात. पुढे याच महाभक्षक पेशी आपले रूप पालटतात, म्हणजे संहार थांबवून दुरुस्तीचे संदेश देऊ लागतात, आणि त्यानंतर नव्या केशवाहिन्या, नवे तंतू व नवी त्वचा तयार होऊन जखम भरते.

या सर्व प्रक्रियेचे यश वेळापत्रकावर अवलंबून असते. जीवाणूंच्या अनेक जाती अनुकूल स्थितीत अर्ध्या तासाच्या आसपास दुपटीने वाढतात. त्यामुळे रक्षकांना काही तासांचा उशीर झाला, तर त्यांच्यासमोरील शत्रूंची संख्या कितीतरी पटींनी वाढलेली असते.

साखर वाढल्यावर काय बिघडते

रक्तातील साखर सतत वाढलेली असेल, तर पहिला बिघाड प्रवासात होतो. न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीला योग्य ठिकाणी चिकटणे, तेथून बाहेर पडणे आणि रासायनिक संदेशाच्या दिशेने सरकणे या तिन्ही क्रिया मंदावतात. दुसरा बिघाड गिळण्याच्या क्रियेत होतो. जंतूला पकडणे सोपे जावे म्हणून शरीर त्याच्यावर काही प्रथिनांचे आवरण चढवते. साखर जास्त असली की ती या प्रथिनांना जाऊन चिकटते आणि त्यांचे काम कमकुवत करते. प्रथिनाला साखर चिकटण्याच्या या क्रियेला ग्लायकेशन म्हणतात, आणि तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी ही तपासणीही याच क्रियेवर आधारलेली आहे: तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांतील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, हे ती मोजते.

तिसरा बिघाड जंतू मारण्याच्या शस्त्रात होतो. न्यूट्रोफिल ज्या ऑक्सिडीकारक रसायनांनी जंतू मारतात, ती बनवण्यासाठी त्यांना एनएडीपीएच या नावाचे इंधन लागते. पेशीत जादा साखर शिरली, की तिचा निचरा करण्यासाठी एक आडवाट वापरली जाते. या वाटेवर साखरेचे रूपांतर सॉर्बिटॉल या पदार्थात होते आणि त्यासाठी हेच इंधन खर्ची पडते. म्हणजे जंतूशी लढण्यासाठी राखलेला दारूगोळा साखर हाताळण्यातच संपतो, आणि गिळलेला जंतू पेशीच्या पोटात जिवंत राहू शकतो.

चौथा बिघाड याच्या उलट दिशेचा आहे आणि तो लक्षात न घेतल्यामुळेच ‘कमी प्रतिकारशक्ती’ हे वर्णन फसवे ठरते. न्यूट्रोफिल कधीकधी मरताना आपल्या केंद्रकातील धागे बाहेर फेकून जंतूंभोवती जाळे टाकतात. बोस्टन येथील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, मधुमेहात न्यूट्रोफिल अशी जाळी टाकण्यास आधीच सज्ज असतात आणि जखमेत साचलेली ही जाळी नवी त्वचा सरकण्याच्या आड येतात. महाभक्षक पेशीही संहाराच्या रूपातच अडकून पडतात व दुरुस्तीच्या रूपात यायला फार वेळ लावतात. परिणामी जखम आठवडेच्या आठवडे लाल, ओली आणि उघडी राहते. एकाच शरीरात जंतूंविरुद्धचा हल्ला दुबळा आणि स्वतःच्या ऊतींविरुद्धचा दाह मात्र लांबलेला, अशी ही दुहेरी स्थिती असते; अशा वेळी प्रतिकारशक्तीला सरसकट ‘चेतवणे’ हा उपाय होऊ शकत नाही.

या चित्राला एक आशेची आणि एक सावधगिरीची बाजू आहे. न्यूट्रोफिल अल्पायुषी असतात, रोज नवे जन्मतात, त्यामुळे साखर आटोक्यात आली की नव्या पेशी चांगल्या वातावरणात काम करू लागतात आणि त्यांची कार्यक्षमता बरीचशी सुधारते. सावधगिरीची बाजू अशी की, दीर्घकाळ वाढलेल्या साखरेची एक प्रकारची आठवण अस्थिमज्जेतील मातृपेशींत राहते आणि त्यांच्यापासून जन्मणाऱ्या महाभक्षक पेशी साखर उतरल्यानंतरही काही काळ अधिक दाहक वागतात, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणून आठ दिवस पथ्य आणि महिनाभर ढिलाई या पद्धतीचा उपयोग होत नाही. नियंत्रण लवकर सुरू व्हावे आणि अखंड चालावे लागते.

पायावर तिहेरी संकट का येते

पेशींच्या उशिराला पायात आणखी दोन गोष्टींची साथ मिळते. पहिली म्हणजे मज्जातंतूंची हानी: पावले बधिर होतात, मुंग्या येतात, आणि काटा मोडला किंवा चटका बसला तरी कळत नाही. दुसरी म्हणजे रक्तवाहिन्या अरुंद होणे: रक्तच कमी पोहोचले, तर त्याच्याबरोबर येणाऱ्या पेशी, ऑक्सिजन आणि पोटात घेतलेले प्रतिजैविक औषधही कमी पोहोचते. जखम झाल्याचे माणसाला कळत नाही, कळले तरी पेशी वेळेवर येत नाहीत आणि आल्या तरी त्यांना रसद मिळत नाही. या कारणाने मधुमेही व्यक्तीच्या पायाची जखम दुखत नाही ही दिलासा देणारी गोष्ट मानू नये. न दुखणे हेच धोक्याचे पहिले लक्षण असू शकते.

चिखलातील आणि हवेतील शत्रू

भातशेतीच्या पट्ट्यात या उशिराचा फायदा घेणारे जंतू अनेक आहेत. पाय सतत ओले राहिल्याने बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्या क्षुल्लक वाटतात, पण त्वचा पांढरी पडून फाटली की तेथून जीवाणू आत शिरतात आणि पायाला धावरे, म्हणजे त्वचेखाली वेगाने पसरणारा लाल, तापलेला दाह होतो. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरा हा जंतू अशाच फटींतून शरीरात प्रवेश करतो. माती आणि भाताच्या खाचरांतील पाण्यात राहणाऱ्या एका जीवाणूमुळे मेलिऑइडोसिस नावाचा आजार होतो, जो ताप, न्यूमोनिया किंवा यकृत-प्लीहेतील गळवांच्या रूपाने प्रकट होतो. तो दक्षिण भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर विशेष आढळतो, महाराष्ट्रातही त्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत, आणि त्याच्या रुग्णांत मधुमेह हा सर्वांत महत्त्वाचा धोक्याचा घटक असतो. थायलंडमधील संशोधनात मधुमेही व्यक्तींचे न्यूट्रोफिल या जीवाणूला गिळण्यात आणि रासायनिक संदेशाच्या दिशेने सरकण्यात मागे पडतात, असे आढळले आहे. पाठीवर किंवा मानेवर अनेक तोंडांनी फुटणारी काळपुळी आणि मधुमेह यांचे नाते तर जुन्या पिढीलाही ठाऊक होते.

हवेतून येणाऱ्या शत्रूंत क्षयरोग पहिला. क्षयाच्या जंतूला आवर घालण्यासाठी टी पेशी, म्हणजे शत्रूची ओळख लक्षात ठेवून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, फुप्फुसात लवकर पोहोचाव्या लागतात. मधुमेहात त्यांनाही उशीर होतो, आणि मधुमेही व्यक्तीला क्षयरोग होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दोन ते तीन पट असतो. दुसरे उदाहरण महाराष्ट्राने २०२१ मध्ये फार मोठी किंमत देऊन पाहिले. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराचे रुग्ण राज्यात मोठ्या संख्येने आढळू लागले आणि २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. ही बुरशी मातीत, पालापाचोळ्यात आणि धुळीत नेहमीच असते. एरवी भक्षकपेशी तिचे बीजाणू सहज मारतात. परंतु वाढलेली साखर, करोनाचा संसर्ग आणि स्टेरॉइड औषधे यांनी एकाच वेळी पेशींना हतबल केले, तेव्हा तीच बुरशी नाक, डोळा आणि मेंदूपर्यंत पोहोचली. वाढलेल्या साखरेत रोजचा निरुपद्रवी शेजारीही शत्रू होतो, हा त्या वर्षाचा धडा विसरण्यासारखा नाही.

मधुमेह आहे हे ओळखणे

नियंत्रणाच्या आधी निदान आवश्यक आहे आणि येथेच सर्वांत मोठा गैरसमज आड येतो, तो असा की काटक, कष्टकरी माणसाला मधुमेह होत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या संशोधनातून भारतीयांच्या ‘बारीक पण चरबीदार’ देहयष्टीकडे जगाचे लक्ष वेधले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के होते. पोटातील अशा चरबीत महाभक्षक पेशी शिरतात आणि त्यांनी सोडलेली दाहक द्रव्ये इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. म्हणजे या पेशी मधुमेहाने बिघडतात आणि मधुमेह होण्यातही वाटा उचलतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाने, देहयष्टी कशीही असली तरी, वर्षातून एकदा साखर तपासून घ्यावी. सरकारी असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात ही तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात केली जाते आणि गावातील आशाताईंकडे त्याची माहिती मिळते. क्षयरोग, काळपुळी, न भरणारी जखम किंवा वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग असलेल्या प्रत्येकाने वयाची वाट न पाहता साखर तपासावी.

साखरेचे लक्ष्य आणि ताट

बहुतेक प्रौढांसाठी एचबीए१सी ७ टक्क्यांच्या आत, उपाशीपोटी साखर ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० मिलिग्रॅमच्या आत असावी. वृद्ध आणि इतर गंभीर आजार असलेल्या व्यक्तींसाठी डॉक्टर हे लक्ष्य थोडे सैल ठेवतात. भात पिकवणाऱ्या मुलखात भात सोडण्याचा सल्ला कोणी पाळू शकत नाही, आणि त्याची गरजही नसते. वाढीव भाताऐवजी ताटात आधी भाजी, वाल-मूग-मटकीसारखी कडधान्ये, अंडे किंवा मासळी यांना जागा द्यावी, भात मोजून एका वाटीवर आणावा आणि तांदळाची भाकरी व भात एकाच जेवणात घेऊ नये. नाचणीची भाकरी तंतुमय असल्याने चांगली, पण तीही धान्याचीच असल्याने तिचेही माप हवे. जांभळाच्या बियांची पूड किंवा कडू काढे यांच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या अथवा इन्सुलिन बंद करणे, ही या आजारातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

पहाटेच्या लोकलने कल्याण, ठाणे किंवा मुंबईकडे कामाला जाणाऱ्यांची अडचण निराळी असते: गोळी घरी, न्याहारी फलाटावर आणि दुपारचे जेवण अनिश्चित. अशा व्यक्तींनी औषधाच्या वेळा डॉक्टरांशी बोलून प्रवासाच्या वेळेनुसार बसवून घ्याव्यात, डबा बरोबर ठेवावा, साखर एकाएकी उतरल्यास उपयोगी पडेल अशी साखर किंवा ग्लुकोज खिशात बाळगावे, आणि पावसाळ्यात कोरड्या मोज्यांचा जोड पिशवीत ठेवून कामावर पोहोचताच ओले मोजे बदलावेत.

पायांची रोजची देखभाल

पेशींचा उशीर भरून काढण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे जखम त्याच दिवशी दिसणे. शेतातून किंवा कामावरून आल्यावर पाय साबणाने आणि साध्या पाण्याने धुवावेत, बोटांच्या बेचक्या मऊ फडक्याने पूर्ण कोरड्या कराव्यात आणि उजेडात तळवे, टाचा व बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल किंवा दिसत नसेल तर आरसा वापरावा अथवा घरातील दुसऱ्या व्यक्तीने पाहावे. टाचांना खोबरेल तेल लावावे, पण बेचक्यांत लावू नये, कारण तेथील ओलाव्यात बुरशी वाढते. नखे सरळ कापावीत. कुरूप किंवा भोवरी ब्लेडने तासू नये. पाय गरम पाण्यात बुडवू नयेत आणि थंडीत शेकोटीजवळ शेकू नयेत, कारण बधिर पायाला भाजल्याचे कळत नाही.

पाय बधिर झाला आहे का, हे घरीच पाहता येते. मधुमेही व्यक्तीने डोळे मिटावेत आणि दुसऱ्याने तिच्या दोन्ही पावलांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकाशी बोटाने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणचे स्पर्श कळले नाहीत, तर संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. संवेदना चांगली असली, तरी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पावलांची तपासणी करून घ्यावीच.

संवेदना गेलेल्या व्यक्तीने अनवाणी खाचरात उतरू नये. लावणीच्या घाईत हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड आहे, म्हणून घरातल्यांनी कामांची वाटणी बदलावी, अशा व्यक्तीकडे बांधावरची कामे सोपवावीत, आणि उतरावेच लागले तर मापाचे, न चावणारे रबरी बूट घालून, मधूनमधून काढून, आतील पाणी ओतून पाय पुसावेत. बूट किंवा चप्पल घालण्यापूर्वी हात घालून आत खडा, काटा किंवा खिळ्याचे टोक नाही ना, हे पाहावे. रोजच्या वापरासाठी मऊ तळाची आणि मागून पट्टा असलेली पादत्राणे घ्यावीत, कारण बधिर पायातून साधी चप्पल निसटल्याचे कळत नाही.

जखम झाल्यावरचे पहिले चोवीस तास

जखम लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी, कोरडी करून स्वच्छ जाळीदार पट्टी सैल बांधावी आणि त्या पायावर भार टाकणे कमी करावे. हळद, चुना, तंबाखू, राख किंवा पाल्याचा लगदा जखमेत भरू नये; त्यांतून नवे जंतू जातात आणि जखमेचा रंग झाकला जातो. धनुर्वाताच्या लशीची मात्रा घ्यावी लागेल का, हे आरोग्य केंद्रात विचारावे. त्याच दिवशी साखर तपासावी, कारण संसर्ग झाला की साखर वाढते आणि वाढलेली साखर पेशींना आणखी मंद करते. पथ्य व औषध नेहमीचेच असताना साखर अचानक वाढू लागली, तर शरीरात कोठेतरी लपलेला संसर्ग असल्याची ती सूचना असू शकते.

जखम खोल असेल, काटा आत राहिला असेल किंवा पाय आधीच बधिर असेल, तर चोवीस तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावे. लाली पसरत जाणे, सूज, पू, दुर्गंधी, त्वचा काळी-निळी पडणे, ताप किंवा हुडहुडी यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे आणि वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेही व्यक्तीच्या चेहऱ्याच्या एका बाजूला सूज, दुखणे किंवा बधिरता, नाकातून काळसर स्राव, डोळा सुजणे अथवा दृष्टी अंधुक होणे ही म्युकरमायकोसिसची लक्षणे असू शकतात आणि त्यांत तासांचा हिशेब असतो.

आजारपणात आणि एरवी घ्यायची काळजी

ताप, जुलाब किंवा उलट्या होत असताना खाणे कमी झाले म्हणून इन्सुलिन स्वतःहून बंद करू नये, कारण आजारात साखर उपाशीपोटीही वाढते. दर चार तासांनी साखर पाहावी, थोडे थोडे पाणी व पेज घ्यावी आणि कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. सांधेदुखी किंवा दम्यासाठी इंजेक्शन अथवा गोळ्या घेताना आपल्याला मधुमेह आहे हे आधी सांगावे, कारण स्टेरॉइडने साखर झपाट्याने चढते. घरात शीतकपाट नसेल, तर वापरातील इन्सुलिन ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा डबीत ठेवता येते.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, घटते वजन किंवा संध्याकाळचा ताप असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी केंद्रात मोफत होते. हिरड्यांतून रक्त येणे हे बहुधा हिरड्यांच्या संसर्गाचे लक्षण असून त्या संसर्गाने साखर वाढते, म्हणून रात्री दात घासण्याची सवय औषधाइतकीच महत्त्वाची मानावी. तंबाखू आणि विडी सोडावी, कारण विडीने पायाच्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात आणि मिश्रीने हिरड्या खराब होतात. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकोकल ही न्यूमोनियाविरोधी लस आणि हिपॅटायटिस बीची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी. उशिरा जाग्या होणाऱ्या पेशींना शत्रूची ओळख आधीच करून देणे, हेच लशीचे काम असते, आणि म्हणून तिची गरज मधुमेही व्यक्तीला इतरांपेक्षा अधिक असते.

उशीर भरून काढणारे हात

अनियंत्रित मधुमेहात पेशी लढण्याचे सोडून देत नाहीत. त्या साखरेच्या ओझ्याखाली मंदावतात, गोंधळतात आणि वेळ चुकवतात. साखर खाली आणणे म्हणजे त्यांच्यावरील ते ओझे उतरवणे, आणि ते उतरण्यास आठवडे व महिने लागतात. तोपर्यंतचा प्रत्येक दिवस सुरक्षित जावा यासाठी जे काम पेशी वेळेवर करू शकत नाहीत, ते घरातल्या माणसांनी करायचे असते: संध्याकाळी ओटीवर बसवून पाय धुणे, पुसणे, दिव्याच्या उजेडात बेचक्या पाहणे आणि नवा ओरखडा दिसला तर तो उद्यावर न टाकणे. या कामाला पाच मिनिटे लागतात, ते करण्यासाठी शिक्षण किंवा पैसा लागत नाही, आणि त्यातून वाचणारा पाय पुढच्या लावणीला पुन्हा आपल्याच शेतात उभा राहू शकतो.